बाटलीवरची निळी फुली

माझी पत्नी गिरजा डोक्याला जबर मार लागूनही वाचली, ही गोष्ट आमच्या भागात पुष्कळांना माहीत आहे. आलापल्लीपासून चंद्रपूरपर्यंत कितीतरी भजनी मंडळांत मी ती स्वतः सांगितली, आणि एका देवस्थानाच्या स्मरणिकेत ती छापूनही आली. कुणी अनोळखी दाढीवाला म्हातारा ऐनवेळी औषध घेऊन आला, नाव न सांगता निघून गेला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही, अशी ती गोष्ट होती. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं. पण तो म्हातारा अनोळखी नव्हता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तोंडी दुरुस्ती मी बऱ्याच वर्षांपूर्वी केली. छापलेलं मात्र तसंच राहिलं आहे. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे, म्हणून हे लिहून ठेवायचं आणखी लांबवत नाही.

मी वनखात्यात होतो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं आलापल्लीजवळच्या एका तपासणी नाक्यावर गेली. सागवानाचे ट्रक यायचे. पास बघायचा, लाकडावरचा हातोड्याचा शिक्का बघायचा, नग मोजायचे आणि मग रस्त्यावरचा आडवा दांडा वर करायचा. जो नग पासात बसत नाही त्याच्यावर निळ्या खडूने फुली मारायची. मेणाचा तो जाड खडू माझ्या खिशात कायम असे. संशय घेणं हेच माझं काम होतं आणि मी कामात चोख होतो. ड्रायव्हर हसून बोलला की वाटायचं, खालच्या थरात काहीतरी दडवलं आहे. तो गप्प राहिला तरी तेच वाटायचं. संध्याकाळी भजनाला बसलो तरी कोण मनापासून गातो आणि कोण नुसतं तोंड हलवतो, हे मी बघत असे. गिरजा म्हणायची, "तुमी तं देवाचाही पास पाहाल."

नव्वदच्या दशकातली ती पौषातली सकाळ होती. नाक्याच्या दांड्याचा मागचा वजनाचा दगड महिनाभरापूर्वी निखळला होता. त्यामुळे दांडा दोरीने वर ओढून खुंटीला बांधावा लागे. एक ट्रक दांड्याखालून अर्धा पुढे गेला आणि मला मागच्या एका नगावरचा शिक्का पुसट दिसला. मी "थांब" म्हणून ओरडलो, दोरी खुंटीला कशीबशी गुंडाळली आणि ट्रकवर चढलो. खाली उतरून ड्रायव्हरशी वाद घालत होतो तेवढ्यात ट्रक पुढे सरकला आणि मोकळ्या झालेल्या जागेतून गिरजा माझा चहा घेऊन आली. दोरी सुटली. दांडा तिच्या डोक्यात बसला. किटली लांब जाऊन पडली. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मग तिचे डोळे कुणाकडेच बघेनात.

तो शिक्का अस्सल होता, हेही इथे लिहून ठेवतो.

आलापल्लीच्या दवाखान्यात पट्टी बांधली आणि चंद्रपूरला न्या म्हणाले. खात्याच्या जीपमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन मी बसलो. आष्टी गेलं, गोंडपिपरी गेलं, वाटेत ती दोनदा ओकली. चंद्रपूरच्या खासगी दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली होती. ते म्हणाले, "मेंदूला सूज चढते आहे. कवटी काही ताणत नाही, त्यामुळे आत मेंदू दबतो. नागपूरला न्यायचं तर आधी ही सूज उतरायला हवी." त्यासाठी मॅनिटॉल नावाचं औषध असतं, सलाईनसारखी बाटली, पण सलाईन नव्हे. मेंदूतलं जास्तीचं पाणी ते रक्तात ओढून घेतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. त्यांच्याकडच्या बाटल्या पहाटे आलेल्या एका खाणकामगाराला लागून संपल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि धावत जा म्हणाले.

मी विचारलं, "यानं मेंदू वाचेल का?"

"मेंदूला वेळ मिळेल," ते म्हणाले. "पुढचं मी सांगू शकत नाही."

मला त्या उत्तराचाही संशय आला. ज्याला आपला माल माहीत असतो तो असं बोलत नाही, असं मला वाटलं.

जुन्या शहराच्या परकोटाच्या आत एक जुनं औषधांचं दुकान होतं. मालकाचं नाव सत्तारभाई. पांढरी दाढी, अंगात स्वेटर, खांद्यावर हिरव्या काठाचा टॉवेल. चिठ्ठी वाचून ते आत गेले आणि मागच्या फळीवरून काचेची बाटली घेऊन आले. मी ती उजेडात धरली. तळाशी खडीसाखरेसारखे खडे जमले होते. हलवली तर ते काचेवर खुळखुळले.

"हे काय?"

"थंडीनं जमलं, भाऊ. या दवाईचं असंच असते. गरम पानीत ठेवलं का विरघळते. थांबा, समोरच्या हॉटेलातून पानी आणतो."

नाक्यावर उभ्या राहिलेल्या माणसाने अशी उत्तरं हजारदा ऐकलेली असतात. पावसाने शिक्का गेला, उंदराने पास खाल्ला, थंडीने औषध जमलं. मी म्हणालो, "मिठाचं पाणी विकून राह्यले का तुम्ही? तिकडे माझी बायको मरून राह्यली!" आवाज इतका चढला की रस्त्यावरची माणसं गोळा झाली. सत्तारभाई दोन्ही हातांनी मला शांत करत होते. "भाऊ, डॉक्टरले विचारा. सिस्टरले विचारा. मले नका मानू." माझ्या कानावर ते पडलं, आत गेलं नाही. हा माल दुसऱ्याच्या गळ्यात जाऊ नये म्हणून मी खिशातला खडू काढला, बाटलीच्या लेबलवर ठळक निळी फुली मारली आणि बाटली आपटून ठेवली. डॉक्टरांची चिठ्ठी तिथेच फळीवर राहिली.

पाटीवर दुसरं एखादं नाव असतं तर मी इतका ओरडलो असतो का? बाटली तरीही उजेडात धरली असती, ती माझी सवय होती. पण निदान ती दवाखान्यात नेऊन दाखवली असती, असं आज वाटतं. तेव्हाचे दिवस तसे होते, मनं कलुषित होती, हे कारण मी स्वतःला पुष्कळदा दिलं. ते पुरत नाही.

मी आणखी तीन दुकानं फिरलो. दोघांकडे बाटली नव्हती. तिसरा म्हणाला, "सत्तारभाईकडे जा, त्यांच्याकडे हमखास भेटते." मी तिथूनच आलो हे त्याला सांगितलं नाही. मग पाय महाकालीच्या देवळाकडे वळले. जाळीपाशी उभा राहून मी जे मागितलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "आई, गिरजाला वाचव, आणि त्या खोटं औषध विकणाऱ्याचा तूच निकाल लाव." दोन्ही एका श्वासात मागितलं. वेळ मोजला नाही, पण तासाहून जास्त गेला असावा. बाहुली मोठी झालेल्या माणसाला एक तास म्हणजे काय, हे डॉक्टरांनी मला नंतर समजावलं, आणि समजावलं नसतं तर बरं झालं असतं.

रिकाम्या हाताने परत आलो. जिन्यातच सिस्टर भेटली. "बाबा, कुठी गेले होते तुमी? बाटली लागली ना केव्हाची! तुमचाच माणूस देऊन गेला."

"माझा कोणता माणूस?"

"दाढीवाले बाबा. टावेलात गुंडाळून आणली, छातीशी धरून. कोमट होती अजून. मलेच शिकवून राह्यले, का हातावर धरून पाहा, जास्त गरम असन तं थोडं थांबा. मी म्हटलं, बाबा, माहीत आहे मले. थांबले नाई, टावेलही इथीच राह्यला त्यांचा."

मी खाटेपाशी गेलो. गिरजाच्या हाताला नळी होती आणि वर लोखंडी दांडीला बाटली टांगलेली होती. आतलं औषध झऱ्याच्या पाण्यासारखं नितळ होतं, एक खडा नव्हता. लेबलवर माझी निळी फुली होती.

खाटेखाली लघवीची पिशवी लावली होती, ती भरत चालली होती. डॉक्टर आले, पिशवीकडे बघून "छान सुटली आहे" म्हणाले, पुन्हा बॅटरी मारली आणि पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरची आठी गेली. देवाच्या मूर्तीकडे बघावं तसा मी त्या पिशवीकडे बघत होतो. आणि त्याच वेळी, हे अगदी त्याच वेळी झालं, मी हात वर केला आणि बाटली हळूच फिरवून फुली भिंतीकडे केली.

दुसऱ्या दिवशी खात्यातले लोक आले, मंडळाचे लोक आले. औषध कसं मिळालं, हे त्यांनी विचारलं. मी म्हणालो, महाकालीच्या दारात उभा होतो, तेवढ्यात कुणी म्हातारा इथे येऊन देऊन गेला. यात एकही शब्द खोटा नव्हता. लोकांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, "साक्षात आई पावली." मी गप्प राहिलो आणि माझ्या गप्प राहण्यातून ती गोष्ट तयार झाली.

सूज उतरत गेली, नागपूरला न्यावं लागलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी गिरजाने डोळे उघडले. त्याच दुपारी औषधांच्या तपासणीचा एक अधिकारी मला शोधत आला. दुकानासमोरच्या गर्दीतून कुणीतरी तक्रार केली होती. त्याने विचारलं, बाटलीत तुम्हाला गाळ दिसला का? बाहेर बाकावर माझे सगळे लोक बसले होते, त्यांच्या हातात मला आणलेला प्रसाद होता. तेव्हा एवढंच सांगायचं होतं की तीच बाटली गरम करून माझ्या बायकोला लावली आणि ती वाचली. मी म्हणालो, "हो, दिसला." त्याने लिहिलं, मी हुद्द्यासकट सही केली. हेही खरंच होतं. खऱ्या वाक्यांनी माणसाला किती खोल गाडता येतं, हे मी त्या सहीने शिकलो.

सत्तारभाईंचं दुकान चौकशीसाठी बंद झालं. काही महिन्यांनी निर्दोष म्हणून उघडलं, असं कानावर आलं, पण गिऱ्हाईक तुटलं होतं. पुढे एकदा त्या रस्त्याने गेलो तर तिथे चपलांचं दुकान होतं. मी मान खाली घालून पुढे गेलो आणि त्याच आठवड्यात एका हरिनाम सप्ताहात माझा अनुभव सांगितला.

गिरजा बरी झाली. डॉक्टर म्हणाले, औषधाने वाचली, नशिबाने वाचली की दणकट होती म्हणून वाचली, हे मी छातीठोक सांगणार नाही. तिला वास येणं मात्र कायमचं गेलं. दूध करपलं तरी तिला कळत नसे, माणसांची नावं ओठांवर येऊन अडत. बाकी जीभ पूर्वीसारखीच राहिली. तो हिरव्या काठाचा टॉवेल तिने धुऊन, घडी करून पेटीत ठेवला होता, आणि दर वर्षी पौष आला की ती म्हणायची, "त्या बाबाले शोधा. टावेल वापस कराचा आहे."

"अगं, देव असा शोधून सापडतो का?"

"देव असता तं टावेल कायले इसरला असता? माणसाचा आहे तो. त्याच्या घरच्या बाईनं त्याले इचारलं असन, टावेल कुठी टाकून आले म्हणून."

आठ-नऊ वर्षं मी हे टोलवलं. मी निवृत्त झालो. मग एकदा भजनाहून परत आलो, त्या दिवशीही ती गोष्ट रंगवून सांगितली होती, तेव्हा ती पुढ्यात ताट ठेवत म्हणाली, "एक इचारू? तुमी ती गोष्ट सांगता ना, तवा माह्याकडं पाहत नाई. काऊन?"

मी सगळं सांगितलं. दांड्याची दोरी तिला माहीतच होती. फुली माहीत नव्हती, सही माहीत नव्हती. ती रडली नाही. मग म्हणाली, "तुमचं तोंड पाहाची इच्छा नाई मले आत्ता. पण उद्या पयल्या बसनं चंद्रपूरले जाऊ." आणि आत जाऊन तिने पेटी उघडली.

चपलांच्या दुकानात विचारलं तर पत्ता लगेच मिळाला. इतका सोपा होता तो. सत्तारभाई एका लहान घरात राहत होते आणि दुसऱ्याच्या औषधांच्या दुकानात फळीमागे उभे राहत होते. त्यांनी दार अर्धंच उघडलं. मला ओळखायला क्षणभर लागला.

"नाकेदारसाहेब. काही लिहून द्याचं राह्यलं का?"

गिरजा पुढे झाली. "भाऊ, मी ते बाई. डोक्याले मार लागलेली. हा तुमचा टावेल."

त्यांनी टॉवेल हातात घेतला, उलटापालटा केला आणि एकाएकी हसले. आत वळून म्हणाले, "सुनती हो? टावेल मिल गया." आतून बाईंचा आवाज आला, "अब्बी? इत्ते साल कहां धो रहे थे?" मग दार पूर्ण उघडलं.

त्यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला. मी निघून गेल्यावर त्यांनी चिठ्ठीवर दवाखान्याचं नाव वाचलं होतं, समोरच्या हॉटेलातून उकळत्या पाण्याचं पातेलं आणून बाटलीतले खडे विरघळवले होते आणि दुकान उघडं टाकून पायी निघाले होते. गिरजाने विचारलं, इतकं बोलून घेतल्यावर कशाला आलात? ते म्हणाले, "बाई, शिव्या यांनी दिल्या होत्या. तुमी कुठी दिल्या?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमची फुली मात्र निघाली नाई हां, साहेब. गरम पानीतही नाई. सरकारी रंग मोठा पक्का."

मी त्यांच्या पायांशी वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"पाय नको. तुमी लोकांले जे सांगता ते मी ऐकलं आहे. आमच्या मोहल्ल्यापर्यंत आलं ते. चांगलं सांगता. पण त्यात मी नाई. दुकान गेलं ते गेलं. मले त्यात टाका. जिथी जिथी सांगितलं तिथी जाऊन टाका. आणि त्या कागदाचं काय ते तुमचं तुमी पाहा."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही तसं विचारलं नाही.

कागदाचं मी पाहिलं. खरं काय ते लिहून कार्यालयात नेलं. तिथला कारकून म्हणाला, प्रकरण केव्हाच बंद झालं आहे, आता याचं काय करू? मी म्हणालो, घेऊन ठेवा. त्याने शिक्का मारून घेतला. मग मी मंडळांत जाऊ लागलो. जिथे जिथे आठवलं तिथे गेलो. पहिल्या ठिकाणी मी दुकानापर्यंत येऊन अडलो, तेव्हा समोर बसलेली गिरजा मोठ्याने म्हणाली, "बोला ना, फुलीचं सांगा." काही लोक मध्येच उठून गेले. एकाने विचारलं, चांगल्या गोष्टीत आता हे घालायची काय गरज होती? त्याला राग आला होता आणि तो राग मला समजत होता, कारण मीही इतकी वर्षं त्याच गोष्टीच्या आधाराने उभा होतो.

चिमूरकडच्या एका गावात बायजाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. उठताना त्यांनी विचारलं, "मंग त्या दिवशी आई आलीच नाई म्हणता का, बापू?"

मी म्हणालो, "आली होती, माय. मी तिच्यावर ओरडलो आणि तिला दुकानात सोडून आलो."

गिरजा त्यानंतरही बरीच वर्षं माझ्यासोबत राहिली. करपलेलं दूध आम्ही दोघांनी पुष्कळ प्यायलं. सत्तारभाई तिच्या आधी गेले. त्यांच्या मातीला आम्ही दोघं गेलो होतो, मागे उभे होतो. आज दोघंही नाहीत. रोजच्या प्रार्थनेला बसतो तेव्हा मी काही मागत नाही, कारण मी काय मागतो ते मला माहीत आहे. शरण जावं असं आयुष्यभर गात आलो, पण समोर धरलेली वस्तू उजेडात फिरवून बघितल्याशिवाय मी कधी घेतली नाही. ज्याने मागितलं त्याला कृपा मिळते, असं कीर्तनात ऐकलं होतं. मी तर ती नाकारली होती, वर चारचौघांत तिची नाचक्की केली होती. तरी ती पातेलंभर पाण्यात गरम होऊन, एका म्हाताऱ्याच्या छातीशी धरलेली, पायी चालत माझ्या बायकोच्या खाटेपर्यंत गेली.